उघाडीवरचं घर

आमच्या घरात पाण्याची सोय आधी केली होती आणि माणसांची नंतर. नंतर म्हणजे केलीच नव्हती. तारापूरच्या अलीकडे खाडी आत वळते, तिथे खारं पाणी भातशेतात शिरू नये म्हणून मातीचा लांबलचक बांध होता आणि बांधाच्या पोटात एक दगडी मोरी. मोरीच्या तोंडाला खाचा, खाचांत सागाच्या जाड फळ्या. पावसाळ्यात ओहोटी लागली की फळ्या वर ओढायच्या, म्हणजे शेतात तुंबलेलं पावसाचं पाणी खाडीत निघून जातं. भरती यायच्या आत खाली सोडायच्या, म्हणजे खाडी आत येत नाही. या मोरीला आमच्याकडे उघाडी म्हणत. आणि मोरीच्या बरोबर डोक्यावर, बांधावरच, आमचं घर होतं. ते गोऱ्या साहेबाच्या काळात बांधलं म्हणे. बाबा तिथले राखणदार, त्यांच्या आधी त्यांचे काका. गावात आम्हाला आडनाव नव्हतंच, आम्ही उघाडीवाले. शाळेत बाईंनी हजेरी घेताना माझं खरं आडनाव उच्चारलं की मीच इकडेतिकडे बघायची, ही कोण बुवा नवीन पोरगी.

घराचं वर्णन करायला बसले की मला राग येतो, पण करते. कारण पुढे जे झालं ते त्या घराच्या बांधणीतून झालं. काळ्या दगडाच्या, चुन्यात बांधलेल्या भिंती, हातभर जाड. वर मंगलोरी कौलं. आत एकच लांब खोली, मध्ये भिंत म्हणून नाही. एका टोकाला समोरासमोर दोन दारं, एक खाडीकडे आणि एक शेताकडे. आई त्यांना खारं दार आणि गोडं दार म्हणायची. खाऱ्या दारातून मोरीपर्यंत पायऱ्या उतरत. दुसऱ्या टोकाला दार नाही, तिथे भिंतीतून काढलेला दगडी कट्टा, माणूस आडवा होईल एवढा, आणि कट्ट्याला लागून गुडघाभर उंचीवर खिडकी. इतकी खालची खिडकी कुठल्या शहाण्याने काढली असं नवा माणूस विचारायचाच. ती उभ्या माणसासाठी नव्हतीच मुळी, निजलेल्या माणसासाठी होती. कट्ट्यावर कुशीवर वळलं की खाडीत उभा केलेला खुणेचा दगड समोर दिसायचा. दगडाच्या कमरेपर्यंत पाणी आलं की उठायचं आणि फळ्या सोडायच्या. बाबा तिथेच झोपायचे, तिथेच जेवायचे, दाढीसुद्धा तिथेच बसून करायचे. डोळा लागला तरी कान जागे, कारण घराच्या पोटातून पाणी वाहायचं आणि फरशीखालून त्याचा आवाज यायचा. उघाडी वर असली की खळखळ, खाली असली की नुसतं गप्प. पाहुणे आले की घाबरायचे, घर वाहून चाललंय की काय. आम्हाला त्या आवाजावाचून झोप यायची नाही.

भिंतींना मीठ फुटायचं. उन्हाळ्यात पांढरा फुलोरा यायचा, आई तो खराट्याने झाडायची आणि दुसऱ्या दिवशी तो परत यायचा. आम्ही भावंडं जीभ लावून बघायचो, मग आईचा धपाटा. लोखंड टिकायचं नाही. कडी गंजायची, विळी गंजायची, कंदिलाचं झाकण हातात यायचं. तुळस तर आईने कितीदा लावली! खाऱ्या दाराशी जगायचीच नाही, गोड्या दाराशी कशीबशी दोन वर्षं तग धरायची. आई म्हणायची, "या घरात देवाचा पाय ठरत नाय, माणसाचा कसा ठरंल?" पण खाणं मात्र राजाचं. मोरीच्या तोंडाशी टोपली लावली की निवट्या, म्हणजे चिखलातले मासे, आणि चिंबोऱ्या मिळत. पावसात त्यांचं कालवण आणि तांदळाची गरम भाकरी, वर सुक्या बोंबलाची चटणी. कधी चिंबोरी स्वतःच पायऱ्या चढून घरात यायची, मग सगळ्यांची पळापळ. आता बोईसरला तिसऱ्या मजल्यावर माझ्या सुनेच्या ओट्याशी फिल्टरचं पाणी आहे आणि चिंबोऱ्या मोबाइलवर मागवल्या की दारात येतात. त्यांना चव नाही म्हटलं की नातवंडं हसतात. हसू देत.

मी नववीत असताना दादाचं लग्न झालं. दादा माझ्याहून बराच मोठा, बाबांच्या हाताखाली उघाडीवर काम करायचा. वहिनी मनोरच्या आतल्या अंगाची, डोंगराच्या पायथ्याची. तिने खाडी कधी पाहिली नव्हती. पहिल्या दिवशी खाऱ्या दारात उभी राहून मला म्हणाली, "हे पाणी सकाळी तिकडं होतं, आता इकडं कसं गं आलं?" मी हसून हसून लोळले. तीही हसली. तिचं हसणं मोठं होतं, सासुरवाशिणीला न शोभणारं, असं आई म्हणायची, पण स्वतःच तिला हसवायला काहीतरी बोलायची. त्या घरात तोवर कुणी मोठ्याने हसलं नव्हतं, हे मला वहिनी आल्यावर कळलं.

आता एकाच खोलीत नवं जोडपं कुठे निजवायचं? आईने बाबांना टोमणे मारून मारून बेजार केलं. शेवटी बाबांनी स्वतः कारवीच्या काठ्या आणल्या, काथ्याने बांधल्या, शेणमातीने लिंपल्या आणि खोलीच्या मध्ये कूड घातला. दोन्ही दारं एका टोकाला, तिथे दिवसभर येजा. चूल शेताकडच्या पडवीत. म्हणून बिनदाराचं टोक जोडप्याला मिळालं, कट्ट्यासकट, खिडकीसकट. दुसरा इलाजच नव्हता. बाबांची खाट दाराशी आली. दादा म्हणाला, "बाबा, तुमाला दगड कसा दिसंल?" बाबा म्हणाले, "माझे कान हायेत ना. तुमी सुखानं ऱ्हावा." इतक्या प्रेमाने घातलेला कूड मी दुसरा पाहिला नाही. वहिनीने त्यावर गेरूने वेल काढली होती.

लग्न वैशाखातलं. उन्हाळ्यात फळ्या चिखलाने लिंपून बंदच असतात, उघाडीचं नावही घरात निघत नाही. पाऊस सुरू झाला तशी बाबांची आणि दादाची धावपळ वाढली, पण लगेच आखाड लागला आणि रीतीप्रमाणे नवी सून आखाडात माहेरी गेली. पूर्ण आखाड घरात दुसरा शब्द नव्हता. "उघाडी हाय का?" "हाय." "आता?" "आता नाय." म्हणजे फळ्या वर आहेत की खाली, इतकाच प्रश्न आणि इतकंच उत्तर. पाऊस थांबला तर आम्ही म्हणायचो, पाऊस खळला. पण वहिनीच्या माहेरी, आणि साऱ्या जगात म्हणा, पावसाने उघाडी दिली म्हणतात. हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं आणि तिलाही कुणी सांगितलं नव्हतं. श्रावण लागला तशी ती परत आली, हातात रानातल्या कंटोल्यांची पिशवी घेऊन.

ती आली तेव्हा बाबा हिवतापाने आडवे होते. थंडी वाजून ताप चढायचा, आईने दोन गोधड्या घातल्या तरी खाट हलायची. डॉक्टरांनी दिलेल्या कडू गोळ्यांनी कानात सारखं गुंइंइं वाजायचं. बाबा कानावर थापा मारायचे आणि चिडायचे. त्यात पाऊस असा लागला होता की कौलांवर कुणी खडी ओततंय. शेतात पाणी तुंबलं, नुकती लावलेली रोपं बुडायला आली. दादाने सकाळी ओहोटीला फळ्या वर काढल्या. गोळ्या संपल्या होत्या, म्हणून सायकल काढून बोईसरला निघाला. भरती यायच्या आत येतो, असं त्याच्या मनात. रोजचं गणित होतं, सांगायचं काय त्यात? पण वाटेत ओढ्याचं पाणी रस्त्यावर आलं आणि परतताना तो पलीकडेच अडकला. गोळ्यांची पुडी सदऱ्याच्या आत धरून उभा, पाणी कधी उतरतंय बघत.

दुपारी बाबांना ग्लानीतून जाग आली. मी आणि आई पडवीत, ओली लाकडं फुंकून फुंकून डोळे लाल झालेले. वहिनी कुडापलीकडे कट्ट्यावर बसून पोलक्याला हुक लावत होती. बाबांनी विचारलं, "उघाडी हाय का गो?" तिने खिडकीतून वाकून आभाळाकडे बघितलं असणार. मोठ्याने, लाडाने म्हणाली, "नाय ओ मामंजी. कुठली उघाडी!"

"बरं," बाबा म्हणाले आणि कुशीवर वळले. मी ऐकलं, आईनेही ऐकलं. आम्हाला दोघींनाही तोच अर्थ लागला जो बाबांना लागला. फळ्या खाली आहेत, दादा टाकून गेला, छान. आईने भाकरी थापायला घेतली. वहिनीच्या समोर, हाताच्या अंतरावर खिडकी होती. खिडकीत तो दगड होता, आणि तो कमरेपर्यंत, मग गळ्यापर्यंत बुडाला. तिने ते पाहिलंही. संध्याकाळी मलाच म्हणाली होती बिचारी, पाणी वर चढताना बघत बसले होते, किती गुळगुळीत चढत होतं.

उधाणाची भरती होती. पहिल्यांदा ओरडले ते तात्या. त्यांचं शेत बांधाला लागून. छत्री टाकून देऊन चिखलातून धावत आले, "अरे उघाडी! उघाडी!" बाबा तापात उठले, गोधडीसकट पायऱ्या उतरले, पण भरतीच्या जोरासमोर फळ्या खाचेत बसेनात. दोघं लटकले, आई लटकली, मी लटकले. काही उपयोग झाला नाही. आमच्या पायाखालून, आमच्या घराखालून खाडी गावाच्या शेतात शिरत राहिली आणि फरशीखाली खळखळ चालली होती, रोजच्यासारखीच, फक्त उलट्या दिशेने.

खारं पाणी एकदा बसलं की रोप करपतं आणि जमीन कित्येक पावसाळे उठत नाही. हे शेतकऱ्याला कुणी सांगायला लागत नाही. दोन दिवसांनी पाऊस खळला तेव्हा हिरवं शेत पिवळं पडायला लागलं होतं. सगळा गाव आमच्या दारात. तात्या फार बोलले नाहीत, एवढंच म्हणाले, "तुला हे घर दिलं ते कशाला? झोपायला?" बाबा खाली बघून म्हणाले, "झोपलो होतो." वहिनीचं नाव त्यांनी काढलं नाही, कधीच काढलं नाही. पण आदल्या संध्याकाळी घरात सगळं उलगडलं होतं. बाबांनी तिला हळूच विचारलं होतं, "तू नाय म्हनालीस ना गो?" ती रडत म्हणाली होती, "पाऊस कुठं थांबला होता मामंजी? मी आभाळ बघूनच सांगितलं ओ." बाबांनी तिच्याकडे बघितलं, मग कुडाकडे बघितलं.

त्या सकाळी गाव पांगल्यावर त्यांनी कोयता घेतला, काथ्या तोडल्या आणि कूड उतरवला. ताप होताच अंगात. ओढा उतरल्यावर परतलेला दादा मध्ये पडला नाही. कारवीच्या काठ्या त्यांनी पडवीत नेऊन टाकल्या, सरपणाला. मग कट्ट्यावर जाऊन बसले, खिडकीकडे तोंड करून. त्या काठ्यांवर आमचं जेवण कितीतरी दिवस शिजलं. वहिनीच चुलीशी बसायची, आपल्या खोलीची भिंत तुकडे करून आत सारायची. गेरूची वेल असलेलं ढेकूळ तिने वेगळं काढून ठेवलं होतं, ते आईने बघितलं आणि तिथेच राहू दिलं.

आईचं तोंड मात्र बाहेर राहिलं नाही. गावच्या विहिरीवर कुणीतरी तिला टोचून बोललं आणि ती रडता रडता सांगून बसली, अहो सून म्हणाली नाय म्हणून हे निजले. झालं. पोरं वहिनीच्या मागे लागायची, "कुठली उघाडी! कुठली उघाडी!" हंडा घेऊन ती बांधावरून यायची तेव्हा शेताशेतातून हाका यायच्या. बाया तर बोलायच्या की हिला मुद्दाम पाठवली कुणी. अगं, मुद्दाम कोण पाठवील आणि कशाला? पण ज्याचं शेत करपलं त्याला कुणीतरी लागतं. आधी ती रडली, मग बोलेनाशी झाली, हसणं तर दूरच. गणपतीच्या आधी आई म्हणाली, गाव शांत होईस्तोवर माहेरी जाऊ दे. निघताना ती कट्ट्यापाशी वाकली. "मामंजी, जाऊ?" बाबा खिडकीतून नजर न काढता म्हणाले, "जा. मी येतो तुला न्यायला." हे मी माझ्या कानांनी ऐकलंय.

ते गेले नाहीत. दिवाळी झाली, होळी झाली, दुसरा आखाड आला. बाबा कट्ट्यावरून उठेनात. बाजाराला नाही, लग्नाकार्याला नाही, सख्ख्या बहिणीच्या मयतीला नाही. विचारलं की म्हणायचे, "उघाडी सोडून कसा जाऊ?" भर उन्हाळ्यात, फळ्या चिखलाने लिंपलेल्या असतानाही. दादाला आई म्हणायची, तू तरी जा. दादा म्हणायचा, बाबा येतो म्हणून बोललेत, त्यांच्या शब्दावर मी कसा जाऊ? दोन बाप्ये, एक घर धरून बसलेला आणि एक मान धरून बसलेला! मला तेव्हा दोघांच्या डोक्यात ते निवट्यांचं टोपलं घालावंसं वाटायचं, अजूनही वाटतं. मग दादा सालवडला खोली घेऊन राहिला, कंपनीत लागला. शिफ्ट, खोली, झोप. शेजारी बिहारचे, ओडिशाचे, त्यांच्याशी हिंदी बोलून बोलून घरी आला तरी आईला "पानी देना" म्हणायचा. दुसरं लग्न कर म्हटलं तर उठून जायचा. वहिनीकडून कधी निरोप आला नाही. ती वाट बघत होती हे मात्र आम्हाला कळत होतं, कारण तिने तिकडे दुसरा संसार मांडला नव्हता.

ती शेतं मधे एकदाच बघितली, हल्लीच. मुलगा कोळगावला कामासाठी गाडीने निघाला होता, म्हटलं आधी वळव तिकडे. शेतं नाहीत आता, कोळंबीचे तलाव आहेत. खाडीचं खारं पाणी पंप लावून आत घेतात, दिवसरात्र. ज्या पाण्यापायी एका पोरीचा जन्म करपला ते पाणी आता मोटारीने ओढून आणतात आणि वर हवा मारायला चक्रं लावतात. माझ्या तोंडून शिवी गेली, मुलगा बघतच राहिला. घराची कौलं गेलीत, भिंती उभ्या आहेत. खिडकीत गुडघे टेकून बघितलं. दगड आहे.

बाबा गेले ते श्रावणातच, त्या कट्ट्यावर, बऱ्याच वर्षांनी. माझं लग्न झालेलं होतं. मी पोचले तेव्हा त्यांना खाली घेऊन ठेवलं होतं, डोकं खिडकीकडे. पाऊस असा की समोरचं माणूस दिसू नये. सरण भिजेल म्हणून सगळे खोळंबलेले. गावची माणसं थोडी, जास्त दादाच्या कंपनीतली, सालवडहून आलेली, कुणी घाटावरची, कुणी विदर्भातली. ती सगळी गोड्या दारात उकिडवी बसून बाहेर बघत होती आणि आपसात म्हणत होती, जरा उघाडी मिळाली की निघू. तो शब्द त्या घरात, त्यांच्या तोंडून, तसा ऐकून आईने पदर तोंडात कोंबला. दादा भिंतीला टेकून उभा राहिला. तेवढ्यात बांधावरून कुणी बाई येताना दिसली, डोक्यावर इरलं, अंग निथळत. कुणी कळवलं होतं तिला, मला आजवर माहीत नाही. केस पांढरे झाले होते, पण चाल तीच. ती गोड्या दाराशी आली, पण आत शिरली नाही. घराला वळसा घालून खाऱ्या बाजूला गेली. मी उठून खाऱ्या दारात आले. ती शेवाळलेल्या पायऱ्या धरून धरून खाली उतरली, मोरीच्या तोंडाशी वाकली, खाचेत हात घालून फळ्या चाचपल्या. मग वर आली. तळपाय चिखलाने माखलेले, तशीच आत गेली. दादाकडे तिने बघितलं नाही. बाबांच्या उशाशी बसली, त्यांच्या कानाशी तोंड नेलं आणि तापातल्या माणसाला ऐकू जावं इतक्या मोठ्याने म्हणाली,

"मामंजी, उघाडी नाय. मी बघून आले."

दारातून उठू पाहणारी माणसं ते ऐकून पुन्हा खाली बसली. त्यांना वाटलं, बाई पावसाचं सांगतेय.